ह्याचा चावा माझा

करंजमाळावर माणसांपेक्षा लांडगे जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. मला माझ्या सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. मधे कुणी मीठमसाला घातला असेल तर तो त्यांचा, माझा नाही.

गावाच्या वरच्या अंगाला ठकूआई नावाची धनगरीण एकटी राहायची. तिच्याकडे कुत्री असायची. आपल्या दारात लोळतात तसली नव्हेत. उंच पायांची, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली. पळायला लागली की धूळसुद्धा मागं राहायची, असं म्हणतात. त्यातलं एकेक कुत्रं शंभर मेंढरं राखायचं आणि लहान लेकरानं कान ओढला तरी हूं की चूं करायचं नाही.

ठकूआई त्यांची वीण जपायची. तिला लिहिता येत नव्हतं. तिच्या कमरेला लोकरीची दोरी असायची आणि दोरीत प्रत्येक पिलाची एक गाठ. गाठीवर बोट ठेवलं की बोलायला लागायची, "ही तांबडीची नात. हिचा बाप रागीट होता, हिला शांत नर बघायचा." भावाला बहीण कधीच लावायची नाही. एका वेतानंतर मादीला वर्षभर विसावा द्यायची.

पिलू मागायला कुणी आलं की त्याला दारातल्या काळ्या धोंड्यावर बसवायची. "हात पुढं कर." मग पिलाची आई येऊन हात हुंगायची. चाटला तर पिलू मिळायचं. पाठ फिरवली तर आला तसा परत. नेणाऱ्याला ताकीद एकच, "नाही जमलं तर माझ्याकडं आणून दे. लंगडं आण, आजारी आण, पण वाऱ्यावर सोडू नको."

एकदा आबाजी पाटील आला. घोड्यावरून उतरला नाही. म्हणाला, "पाटलाला धोंड्यावर बसवतेस काय गं, ठके? दोन पिली दे. नर दे, मादी दे."

ठकूआईनं खाली चरणाऱ्या मेंढरांकडं बघितलं. गायरान पाटलाच्या ताब्यात. त्यानं चराई बंद केली तर मेंढरं जगवायची कुठं? तिनं पाखरी कुत्रीची दोन पिली उचलून दिली, सख्खी भावंडं. पाखरी घोड्याकडं पाठ करून उभी होती. ठकूआईनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पाटलाला राखण नको होती, दरारा हवा होता. त्यानं त्या भावंडांचीच वीण घेतली. त्यातून निपजला खंड्या. त्याला साखळीला बांधला, उपाशी ठेवला, येताजाता काठीनं डिवचला. खंड्या वासराएवढा झाला, आणि एके दिवशी त्यानं साखळीची कडी दातांनी तोडली, असं म्हणतात.

विहिरीवर कुंभाराची सगुणा पाणी शेंदत होती. सात वर्षांची पोर. खंड्यानं तिचा हात कोपरापर्यंत फाडला आणि माळाखालच्या घळीत जाऊन बसला. बायका पाण्याला जाईनात. भर दुपारी दारांना कड्या. घळीतून गुरगुर आली की चुलीवरचं भांडं थरथरायचं.

मग जहागिरीचा कारभारी वीस लाठीवाले घेऊन आला. दवंडी पिटली, "उद्या दिवस मावळायच्या आत गावातलं एकूण एक कुत्रं मारलं जाईल. लपवील त्याचं घर मोडलं जाईल!"

कुणी म्हणालं, बरं झालं. कुणी म्हणालं, "आणि मेंढरं कोण राखणार? कारभारी?" पण हळूच. लोकांनी कुत्री कणगीत दडवली, घोंगडीखाली घेतली, त्यांच्या तोंडावर हात धरून बसले. हात धरायची गरज नव्हती. त्या दिवशी गावात एकही कुत्रं भुंकलं नाही. गाव एवढं गप्प झालं की डोंगरातले लांडगे भरदिवसा ओरडायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूआई चावडीवर गेली.

कारभारी म्हणाला, "म्हातारे, कुठलं चावरं आणि कुठलं गरीब, मला कसं कळायचं? कुत्रं ते कुत्रं."

"कुत्र्याला नका विचारू, सरकार. माणसाला विचारा. खंड्यालाही मालक आहे."

सगळ्यांनी पाटलाकडं बघितलं. पाटील म्हणाला, "माझं? माझं नाही बुवा."

ठकूआईनं दोरी काढली, एक गाठ चिमटीत धरली. "ही खंड्याच्या आईची गाठ, मीच बांधलेली. पाटलाच्या भीतीनं मी पाखरीचं ऐकलं नाही. कुत्रं माझं, त्याचा चावा माझा. मी त्याला परत आणते. मावळतीच्या आत आणलं, तर ज्याला धनी आहे त्या कुत्र्याला हात लावू नका."

"आणि नाही आणलंस तर?"

"तर माझ्यापासून सुरुवात करा."

ती दोरी आणि एक भाकरी घेऊन घळीत उतरली. मागं पाखरी. सारा गाव घरांच्या धाब्यांवर चढला. एकदाच अशी डरकाळी आली की माळावरची मेंढरं मटकन खाली बसली. मग काहीच नाही. सूर्य डोंगराला टेकला. लाठीवाले उठले. पण सूर्य काही बुडेना. तो तिथंच थांबला, असं म्हणतात.

तेवढ्यात घळीतून खंड्या आला. मान खाली. गळ्यात लोकरीची दोरी, दोरीचं टोक पाखरीच्या तोंडात. तो काळ्या धोंड्यापाशी येऊन बसला, तेव्हा कुठं दिवस मावळला.

ठकूआई आली नाही. घळीत तिची घोंगडी घडी घातलेली सापडली. रक्ताचा थेंब नाही, भाकरीचा तुकडा नाही. खंड्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं धोंड्यापाशीच जीव सोडला.

कारभाऱ्यानं ठकूआईची अट पाळली. प्रत्येक घराला धोंड्यावर हात ठेवून आपलं कुत्रं कबूल करायला लावलं. पाटील आला तशी पाखरीनं पाठ फिरवली. त्या घराण्यात आजही कुत्रं टिकत नाही. त्यांचं घर माझ्या खिडकीतून दिसतं, मी लक्ष ठेवून आहे. सगुणेनं मात्र तो वाकडा झालेला, घाबरलेला हात पुढं केला. पाखरीनं तो चाटला. दोरी सगुणेकडं गेली.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे आपापली कुत्री घेऊन धोंड्यापाशी जमतात. गेल्या साली ऐन पोळ्याला वरून, सरकारातून कुणी कागद घेऊन आलं होतं, अमुक जातीची कुत्री गावात नकोत म्हणून. सरपंचबाई म्हणाल्या, "भाऊ, आधी उद्याचा दिवस थांबा, मग कागद वाचा." तो थांबला. दुसऱ्या दिवशी एकेकजण धोंड्यावर हात ठेवून म्हणत होता, "ह्याची भाकरी माझी, ह्याचा चावा माझा." कागद मग त्यानं वाचलाच नाही.

हे मोठ्यानं म्हणायचं असतं. कुणी नुसतं पुटपुटलं, तर त्याचं कुत्रं वळून घळीकडं बघायला लागतं. मग बाकीची सगळीही बघतात. अंगावर काटा येतो, बाई.

मग त्या पुटपुटणाऱ्याला पुन्हा, मोठ्यानं म्हणायला लावतात.