धरतीचा थर

तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही जन्माआधीची गोष्ट. एका नदीकाठी एक गाव होतं. हिवाळा सरता सरता नदी आटायची आणि बायकांना पाण्यासाठी दोन कोस पायपीट करावी लागायची. म्हणून गावानं दगडी बंधारा घालायचं ठरवलं.

त्याची घडण ठरलेली होती. वरच्या प्रत्येक थरात खालच्यापेक्षा दोन दगड कमी. खाण होती नदीपल्याड. पात्र कोरडं असेपर्यंतच बैलगाड्या ये-जा करायच्या. एकदा पाणी आलं की एकही दगड आणता येत नसे.

दोन वर्षं बंधारा घातला आणि दोन्ही वर्षं ऐन शेवटी साठ दगड कमी पडले. माथा अपुरा राहिला, पाणी तिथून घुसलं आणि बंधारा फुटला. नदीनं साठ दगड गिळले, असं थोरला गवंडी म्हणाला आणि गावानं माना डोलावल्या. यंदाही फसलं तर गाव उठणार होतं.

हे काही तिथल्या पाथरवटणीला पटेना. तिच्या हातांना घट्टे पडले होते ते याच दगडांनी. नदी दर वर्षी मोजून साठच कशी गिळते? तिनं हट्टच धरला, की आकडा आपण स्वतः काढायचा.

गवंडी सांगे, थर एकोणीस, तळाला अठ्ठावन्न दगड, माथ्याला बावीस. ती एकेक थर मिळवत गेली. तीनदा मिळवलं, तीन वेगळी उत्तरं आली. पण हार मानेल तर ती कसली. तिनं अंगणात चिंचोक्यांचे थर मांडले आणि त्यांना लागून तेवढेच थर उलटे मांडले. बघते तर काय, प्रत्येक ओळ सारखी, ऐंशीची. अशा एकोणीस ओळी, आणि त्यांचं निम्मं सातशे साठ.

गवंड्याचा आकडाही हाच होता. बेरीज चोख होती, म्हणजे थरांतच काहीतरी सुटलं होतं. ती तडक नदीवर गेली आणि फुटक्या बंधाऱ्यापाशी वाळू उपसू लागली. हातभर खाली दगडांची अख्खी रांग लागली. तिनं मोजले. बरोबर साठ.

गवंड्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "तो धरतीचा थर, पोरी. त्याची मोजदाद करत नाहीत. वाडवडिलांची रीत आहे."

"रीत असू द्या, आजोबा. पण ते दगड आपल्याच ढिगातून जातात ना?"

 म्हाताऱ्याला लाज वाटली आणि ती त्यानं लपवली नाही. फुटल्या जागी पुन्हा बांधायचं नाही म्हणून यंदा नवा चर खणला होता. काठी टेकत तो तिथं आला, पहिल्या दगडाला हळद-कुंकू वाहिलं आणि गावासमोर मोठ्यानं म्हणाला, "एक."

आता थर झाले वीस आणि प्रत्येक ओळ ब्याऐंशीची. त्यांचं निम्मं आठशे वीस. तेवढे दगड पल्याडून आले. नदीला पाणी आलं, गाड्या थांबल्या, आणि त्याच दिवशी आठशे विसावा दगड माथ्यावर बसला. पाणी बंधाऱ्याला धडकलं आणि तिथंच थांबलं. पुढच्या उन्हाळ्यात बायकांनी दारच्या नदीवर घागरी भरल्या.

तात्पर्य: डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजणाऱ्याची बेरीज बिनचूक असली तरी अपुरीच पडते.