चितारखडकावर कुणी स्वतःला का काढत नाही

हा कड्याजवळचा सपाट काळा खडक बघा, मंडळी. याला आम्ही चितारखडक म्हणतो. माघातल्या अमावास्येला लांबलांबचे चितारी इथं जमतात, रिंगण करून बसतात आणि एकमेकांची तोंडं काढतात. कुणाचं नाक दुधीएवढं, कुणाचे दात ओठांबाहेर. हसतात खूप. पण कुणीही स्वतःचं तोंड काढत नाही.

फार पूर्वी इथल्या गढीवर एक सरदार होता. दोन वर्षं पाऊस नव्हता, माणसं पाला उकडून खात होती. एका सकाळी गढीच्या भिंतीवर कोळशानं काढलेला सरदार दिसला, पोट धान्याच्या कणगीएवढं. उपाशी माणसंसुद्धा हसली, असं सांगतात.

सरदारानं गावातले चारही चितारी इथं आणून रिंगणात बसवले. हिरोजी आणि लखू हे भाऊ, गोंदा आणि सुभाना. लहानपणापासून एकमेकांची थट्टाचित्रं काढणारे हे चौघे. सरदार म्हणाला, "ज्यानं हे केलं त्याचं तोंड प्रत्येकानं काढून द्या. ज्याचं तोंड जास्त कागदांवर, त्याचा कडेलोट. मेळ बसला नाही, तर चौघेही जाल."

भिंतीवरचं चित्र गोंदानं काढलं होतं. तो उठायला लागला तसा सुभानानं त्याचं मनगट धरलं. "बस खाली. तुझं पोर अजून पाळण्यात आहे."

हिरोजी पुटपुटला, "आपापल्या डावीकडच्याला काढा, म्हणजे प्रत्येकाचं तोंड एकाच कागदावर येईल. चौघांना मारायची त्याची छाती नाही."

सुभानानं आपला कागद मांडीवर ओढला.

कागद गोळा झाले. हिरोजीनं लखूला काढलं होतं, लखूनं गोंदाला, गोंदानं सुभानाला. सुभानानं हिरोजीला काढायचं ठरलं होतं. त्यानं स्वतःलाच काढलं होतं. दोन कागदांवर एकच लांब नाक.

"मी काढलं ते चित्र," गोंदा म्हणाला. "सुभानाचा काही संबंध नाही."

"तूच तर त्याचं तोंड काढून दिलंस," सरदार म्हणाला.

सुभानानं गोंदाचा कागद पाहिला. "नाक छान जमलंय रे," एवढंच बोलला आणि आपल्या पायांनी कड्यापर्यंत चालत गेला, म्हणे.

पुढं गोंदा दर माघात इथं येऊन सुभानाला काढायचा. म्हातारा होईपर्यंत येत राहिला, पण ते नाक त्याला पुन्हा कधी लांब काढता आलं नाही.

आजही एखादा नवखा गमतीनं स्वतःचं तोंड काढायला घेतो, तेव्हा रिंगणातलं हसू थांबतं. शेजारचा त्याच्या हातातून कागद काढून घेतो आणि म्हणतो, "तुला मी काढतो."