मधली गाठ

"आणि समजा, विषाणू माझ्या लेकीच्या पिशवीच्या बंदावर असला तर?"

निरंजनबुवांनी सुईत दोरा ओवला. "पिशवी बाहेर ठेवायला सांगा."

"चपलांवर असला तर?"

"चपलाही बाहेर."

"केसांत?"

"केस बाहेर ठेवता येत नाहीत, हुपरीकर. ते डोक्यासकट आत येतात."

हुपरीकर हसले नाहीत. त्यांनी तोंडावरचा मास्क नाकावर आणखी वर ओढला आणि पुन्हा टाका घातला.

दोघं मठाच्या ओसरीवर बसले होते. मधे गोधडी अंथरलेली. एका टोकाला बुवा, दुसऱ्या टोकाला हुपरीकर. माणसामाणसांत अंतर ठेवा असं रोज सांगितलं जात होतं. गोधडीची लांबी त्या कामी बरी पडत होती.

दिगंबर हुपरीकर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरेट परदेशातली. बुवा त्यांच्याच कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असत. एके दिवशी वर्ग अर्धा टाकून उठले आणि नदीकाठच्या या मठात येऊन राहिले. पुढे मठाला लागूनच हुपरीकरांनी घर बांधलं. दोन्ही परसांच्या मधे एक बुटकी भिंत आणि तिला लाकडी फाटक.

टाळेबंदी लागली तेव्हा मठात बुवा एकटे होते, घरात हुपरीकर एकटे होते. दोघांकडेही तिसरं कोणी फिरकत नव्हतं. मग मधलं फाटक उघडं राहिलं.

हुपरीकरांनी पूर्वीही बरेचदा विचारलं होतं, "बुवा, मला अनुग्रह कधी देणार?"

बुवा म्हणत, "गोधडी शिवू. मग बघू."

ती या मठाची जुनी रीत होती. शिष्याने घरातली जुनी कापडं आणायची. गुरूने एका टोकाला बसायचं, शिष्याने दुसऱ्या. कडेपासून मध्याकडे शिवत यायचं. शेवटची गाठ मध्यावर, दोन दोऱ्यांची, दोन माणसांच्या हातांनी. एकट्याने ती गाठ मारायची नाही.

या वेळी हुपरीकर स्वतःहून कापडं घेऊन आले होते. वर घालायला कुमुदची हिरवी इरकल. कुमुद, त्यांची बायको, काही वर्षांपूर्वी गेली. आत घालायला त्यांची विरलेली धोतरं, उशांचे अभ्रे आणि मुलीचा, वैजूचा, शाळेचा निळा स्कर्ट.

"हे धोतर तर पार फाटलंय," त्यांनी तेव्हा ओशाळून म्हटलं होतं.

"फाटकं आत घालायचं," बुवा म्हणाले होते. "ऊब त्याचीच येते."

...

गोधडी वैजूसाठी होती.

वैजयंती त्यांची एकुलती एक मुलगी. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर. साथीच्या वॉर्डात काम करता करता तिलाच आजार झाला. बरी झाली. वेगळं राहण्याचे दिवसही सरले. आता तुझ्यापासून कोणाला धोका नाही, पण अशक्तपणा आहे, घरी जाऊन विश्रांती घे, असं तिच्या वरिष्ठांनी सांगितलं. ती वसतिगृहाच्या खोलीत एकटी होती.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "बाबा, येऊ का?"

हुपरीकर म्हणायचे, "तुझ्यासाठी गोधडी शिवतोय. ती पुरी झाली की ये."

पहिल्यांदा ती हसली होती. "तुम्ही? सुईत दोरा तरी दिसतो का तुम्हाला?"

आता ती हसत नव्हती. नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवायची.

बुवा उठले. कळशी घेऊन परसात गेले. वांग्यांना पाणी घातलं, दोडक्याच्या वेलाला घातलं. मग कडेच्या रिकाम्या वाफ्यालाही घातलं.

"त्या वाफ्याला कशाला, बुवा?" हुपरीकर ओसरीवरून म्हणाले. "त्यात मेथी होती. ती काही आता उगवत नाही."

"का बरं?"

हुपरीकरांनी दोरा ओढला. "बिया बाजारातल्या होत्या. कोणाकोणाचे हात लागलेले... म्हणून मी त्या आधी सॅनिटायझरमध्ये भिजवल्या."

"किती वेळ?"

"रात्रभर."

बुवांनी कळशी खाली ठेवली. तोंडावर बांधलेल्या उपरण्याआडून त्यांचं हसू दिसलं नाही, पण खांदे हलले.

"म्हणजे जंतू मेले?"

"शंभर टक्के."

"आणि मेथी?"

हुपरीकर मान खाली घालून टाका घालू लागले. "रसायनशास्त्राच्या माणसाला हे कळायला हवं होतं," ते पुटपुटले. "कळत होतंच. पण हात ऐकत नव्हता." मग पुन्हा मान वर करून म्हणाले, "पण मग तुम्ही पाणी का घालता?"

"मेथीला घालतोय असं कुठे म्हणालो?"

...

बुवा परत येऊन आपल्या टोकाशी बसले. म्हणजे बसायला गेले तर त्यांचं टोक आता टोक राहिलंच नव्हतं. त्यांच्या धावदोऱ्याच्या ओळी गोधडीच्या मध्यापर्यंत येऊन पोचल्या होत्या.

हुपरीकरांच्या ओळी कडेपासून वीतभरही पुढे सरकल्या नव्हत्या. त्या वीतभर जागेत मात्र टाक्यांवर टाके होते. ओळीवर ओळ, तिच्यावर आडवी ओळ, पुन्हा उभी. हिरवी इरकल दिसेनाशी झाली होती. पांढरा दोराच दिसत होता.

बुवांनी हात लांब करून त्या जागेवर बोट वाजवलं. टक टक, असा आवाज आला.

"कोण आहे आत?" बुवांनी विचारलं.

"थट्टा करू नका."

"प्रोफेसर, ही पांघरायची आहे की दाराला लावायची?"

"पक्की हवी," हुपरीकर घाईने म्हणाले. "पुढे गेलो आणि मागचं उसवलं तर? आधी कड नीट व्हायला हवी. माझा हात कापतो, टाके सैल पडतात. म्हणून परत घालतो."

"सैल पडलेत का?"

"नाही. पण पडले असतील असं वाटतं."

हुपरीकरांनी सुई खुपसली. ती आत जाईना. त्यांनी अंगुस्तानाने दाबली. सुई वाकली.

त्यांनी ती बाजूला ठेवली आणि खिशातून दुसरी काढली.

"बऱ्याच आणल्यात की," बुवा म्हणाले.

...

नदीवरच्या पुलावरून रुग्णवाहिका गेली. दोघांचेही हात थांबले. आवाज वळणापाशी बारीक झाला, पण लगेच गेला नाही.

"परवा आमच्या गल्लीत आली होती," हुपरीकर म्हणाले. "भिशे वकिलांना घेऊन गेली. चालत गेले ते गाडीपर्यंत. मला हात केला. मी खिडकीतून केला."

"हो."

"आले नाहीत परत."

"हो. कळलं मला."

पारव्यांचा आवाज येत होता. बुवांनी आपला दोरा ओढून सरळ केला. मग एकदम म्हणाले, "हुपरीकर, तुम्ही माझ्याकडे रोज येता."

"येतो."

"दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बरी झाली म्हणून सांगितलेली मुलगी घरी नको. आणि मला कोणी तपासलंसुद्धा नाही, तो मी चालतो. मी फार सोवळा दिसतो की काय तुम्हाला?"

"तसं नाही हो, बुवा."

"मग कसं?"

हुपरीकरांनी मास्कच्या दोऱ्या कानामागे नीट केल्या. त्या आधीच नीट होत्या.

"मला होईल याची भीती नाही," ते म्हणाले. मग थांबले. "म्हणजे, आहे. पण ती मोठी नाही."

"मोठी कुठली?"

हुपरीकरांनी सुई पुन्हा हातात घेतली.

"बोला. इथे तिसरं कोणी नाही."

"कुमुदला ताप आला तेव्हा मी घरीच होतो. तिच्या उशाशी. पाणी देत होतो, कपाळावर पट्ट्या ठेवत होतो. सगळं डोळ्यांसमोर झालं. वैजू लांब आहे. रोज तिचा आवाज येतो. फोनवर ती जिवंत असते, बुवा. एकदा का दार उघडलं, घरात आली... खोकली, झोपून राहिली, जेवली नाही... मला ते दिसेल. मग काहीही होऊ शकतं."

"आणि दार बंद असताना काही होऊ शकत नाही?"

"होऊ शकतं."

"मग?"

"ते मला दिसणार नाही."

बुवांनी गोधडीच्या ताठ झालेल्या कडेवर तळहात ठेवला. त्या वीतभर जागेवरून तो हळूच फिरवला. आंधळा माणूस भिंत चाचपत जातो तसा.

"तुम्ही काय शिवताय ते आता कळलं," ते म्हणाले.

हुपरीकरांचे डोळे भरून आले. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली. तो पुसायला त्यांच्याकडे कोरडं काही नव्हतं.

...

ऊन ओसरीच्या पायरीवर आलं. बुवांनी शेवटची ओळ संपवली आणि बरोबर मध्यावर सुई वर काढली. दोरा तोडला नाही. सुई कापडात टोचून ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"कुठे निघालात?" हुपरीकर दचकले. "माझी बाजू राहिली आहे. मी येतो भरभर. एकेकच ओळ घालतो, वचन देतो. मग गाठ मारू."

"तुमची बाजू तुम्ही या शिवत. माझं काम झालं."

"पण गाठ?"

"दोघांनी मारायची."

"म्हणून तर! तुम्ही आणि मी."

बुवांनी मान हलवली. "मी गाठ मारली तर ती मठाची गोधडी होईल. तुम्हाला मठासाठी शिवायची होती का?"

"नाही. वैजूसाठी."

"मग हा माझ्या बाजूचा दोरा तिचा."

हुपरीकरांनी मध्यावर टोचलेल्या सुईकडे पाहिलं. हिरव्या इरकलीवर ती तिरकी उभी होती, दोरा लोंबत होता.

"पण मी तिला सांगितलंय, गोधडी पुरी झाल्याशिवाय येऊ नको."

"आणि मी तुम्हाला सांगतोय, ती आल्याशिवाय गोधडी पुरी व्हायची नाही."

"हे गोल गोल झालं, बुवा," हुपरीकर हताश होऊन म्हणाले. "एकावर दुसरं अवलंबून, दुसऱ्यावर पहिलं. तुम्ही तर्क शिकवायचात. याला काय म्हणतात?"

"वर्गात याला चूक म्हणायचो."

"आणि इथे?"

बुवांनी फाटकाकडे बोट केलं. ते उघडंच होतं. त्यातून हुपरीकरांचं मागचं दार दिसत होतं. त्याची बाहेरून वरची कडी घातलेली, खालची कडी घातलेली, आणि उंबऱ्याच्या फटीत ओल्या फडक्याची गुंडाळी खोचलेली.

फोन वाजला. वैजूची वेळ अजून झाली नव्हती, तरी वाजला.

हुपरीकरांनी तो लगेच उचलला नाही. हात धोतराला पुसले. मग उचलला.

"बाबा?" पलीकडचा आवाज थकलेला होता. "आज लवकर केला. खोलीत बसवेना. काय करताय?"

"शिवतोय."

"झाली का गोधडी?"

हुपरीकरांनी बुवांकडे पाहिलं. बुवा दोडक्याच्या वेलाला काठी लावत होते. पाठ इकडे होती.

"नाही," हुपरीकर म्हणाले. "नाही झाली. माझ्याकडून व्हायचीही नाही..."

"बरं," पलीकडून आलं.

"थांब. फोन ठेवू नको. वैजू... तू ये. अर्धीच आहे. तशीच ये."

"आत्ता?"

"मास्क लाव. गाडीत खिडकी उघडी ठेव. पिशवी..." ते थांबले. "पिशवी आण तुझी. काय असेल ते घेऊन ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, मला खोकला आहे अजून थोडा. म्हणजे तसा नाही, तपासलंय, पण... तुम्ही घाबराल."

"घाबरेन," हुपरीकर म्हणाले. "ये."

फोन ठेवताना तो गोधडीवरच पडला. त्यांनी तो उचलला नाही. उठून फाटकाशी गेले. तिथून बुवांकडे वळून पाहिलं.

"बुवा."

"हं."

"बोलावलं तिला."

"ऐकलं मी."

"पण भीती गेली नाही हो. होती तेवढीच आहे. मला वाटलं होतं, बोलावलं की जाईल." त्यांनी छातीवर हात ठेवला. "घरी ती आली आणि ही भीती अशीच राहिली तर? हिचं काय करू मी?"

बुवांनी काठी वेलाला बांधून संपवली. ओसरीवर आले, वाकले आणि गोधडीचा मधला, अजून न शिवलेला भाग हाताने जरा सारखा केला.

"आत घाला," ते म्हणाले. "जागा आहे."