नव्वद नंबरचा स्वेटर

"आणि नव्वद हे शहाऐंशीपेक्षा जास्त आहेत की नाहीत, सर?"

वृंदा टोणगावकरनं हातातला स्वेटर टेबलावर ठेवला. पिवळा, विणलेला, पुढं तीन लाकडी बटणं. गळ्याशी एक चिंधीएवढी पट्टी शिवलेली, तिच्यावर फक्त एक आकडा. ९०.

परकारसर चष्मा पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "जास्त आहेत."

"मग?"

सरांचा चष्मा पुसायचा राहिलेला होता.

बंदरावरच्या मालतपासणीच्या शेडमध्ये दाऊद परकार एकतीस वर्षं परदेशातून आलेले कपडे उलगडत आले होते. नवा अधिकारी आला की वरिष्ठ त्याला सहा महिने त्यांच्या हाताखाली धाडत. वृंदा धुळ्याची. खात्याच्या परीक्षेत पहिली आलेली. नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ होतं. सरांच्या बोलण्यात एखादं कलम मागंपुढं झालं की ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची. सर म्हणायचे, "बरोबर." आणि त्यांना त्यात मनापासून आनंद व्हायचा. वृंदाला मात्र वाटायचं, आता या माणसाकडून शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

"मी नियम सांगते, सर," ती म्हणाली. "शहाऐंशी सेंटीमीटरपर्यंत उंची असलेल्या मुलांचा कपडा म्हणजे बाळाचा कपडा. त्याच्या वर गेला, की वर्ग बदलला."

"हं."

"हा माल शेजारी देशातून आलाय. त्यांच्याशी आपला करार आहे, म्हणून ड्यूटी माफ. पण माफी कुणाला? मालासोबतच्या दाखल्यात जो माल लिहिलाय त्याला. दाखल्यात काय लिहिलंय? बाळांचे विणलेले कपडे. आणि हा आहे नव्वद उंचीच्या मुलाचा. म्हणजे दाखला या मालाचा नाही. माफी गेली. पूर्ण ड्यूटी, वर दंड."

"हं…"

"सगळा माल नाही अडवला मी. चौऱ्याऐंशी नंबरची साठ खोकी बरोबर होती, ती सोडली, ट्रक आला की जातील. नव्वदची चाळीस अडवली. कुणावर अन्याय नाही केला."

हे शेवटचं वाक्य सरांनी विचारलेलं नव्हतं. तिचं तिलाच ते जरा मोठ्यानं बोलल्यासारखं वाटलं.

बाहेरच्या बाकावर सरोजिनी बागूल बसल्या होत्या. सटाण्याच्या. नवरा गेल्यावर त्यांनी बाळंतविड्याचं दुकान काढलं होतं, आणि यंदा पहिल्यांदाच सातपुड्यातल्या सहा दवाखान्यांना तान्ह्या बाळांचे स्वेटर पुरवायचं काम त्यांना मिळालं होतं. डोंगरात थंडी लवकर उतरते. माल पंधरा दिवसांत पोचला नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आदल्या दिवशी त्या वृंदाला म्हणाल्या होत्या, "मॅडम, तो आकडा उंचीचा नसावा. मी तिकडच्या विणणाऱ्या बायकांना विचारते ना."

वृंदा म्हणाली होती, "तोंडी चालत नाही."

तेही नियमाला धरूनच होतं.

सरांनी चष्मा लावला. स्वेटर जवळ ओढला. बोट त्या पट्टीवर ठेवलं.

"नव्वद काय?"

"म्हणजे?"

"नव्वद रुपये? नव्वद वर्षं?"

"सेंटीमीटर, सर."

"लिहिलंय?"

वृंदानं पट्टी पाहिली. उलटून पाहिली. मागं काहीच नव्हतं.

"सगळीकडं असंच असतं," ती म्हणाली. "लहान मुलांच्या कपड्यांवर उंचीचाच आकडा घालतात."

"सगळीकडं…" सर म्हणाले. मग ड्रॉवरमधून मोजपट्टी काढून तिच्यापुढं ठेवली. "या स्वेटरात नव्वद कुठं आहेत, ते मला दाखव."

वृंदाला राग आला. पण तिनं मोजपट्टी घेतली. लांबी एकतीस. छातीशी रुंदी सत्तावीस. बाही वीस. गळा मोजला, काखेपासून घेरापर्यंत मोजलं. स्वेटरच्या अंगावर नव्वद कुठंच सापडेनात.

"नाहीत," ती म्हणाली.

सरांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशाला लावलेली टाचणी काढली. टेबलावर ठेवली. आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

…

वृंदाला काही वेळ कळेना. टाचणीनं काय मोजायचं? मग तिचं लक्ष स्वेटरच्या खालच्या काठाकडं गेलं, जिथून विणायला सुरुवात होते तिथं. एकाशेजारी एक टाके बसलेले. सारख्या आकाराचे, पण अगदी सारखे नाहीत. कुठं हात सैल पडलेला, कुठं घट्ट.

तिनं पाठीचा भाग वर केला, पहिल्या टाक्यात टाचणीचं टोक घातलं आणि मोजायला लागली.

छत्तिसाला बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि तिची मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. सत्तरच्या आसपास डोळे भरून आले, एक टाका दोनदा मोजला की काय असं वाटलं. पुन्हा पहिल्यापासून. आईनं लहानपणी आपल्याला विणायला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि आपण पुस्तक घेऊन गच्चीवर पळालो होतो, हे तिला मधेच आठवलं. परकारसर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना आज काही काम नसावं असं वाटत होतं. खरं तर टेबलावर अकरा फायली पडल्या होत्या.

शेवटचा टाका.

नव्वद.

तिनं कुणी न सांगता पुन्हा एकदा मोजले. नव्वदच.

"सर, टाके आहेत हे."

"हो का," सर म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"नाही गं. मलाही माहीत नव्हतं." ते तिच्याकडे वळले. "मला माहीत नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही, एवढंच."

वृंदाचे कान तापले. ती उठली, दार उघडलं आणि बाकाशी जाऊन उभी राहिली.

"बागूलबाई, आत या. तिकडच्या बायकांना फोन लावा. मी पण ऐकते."

फोनवर पलीकडं विणणाऱ्या बायकांच्या संस्थेची सेक्रेटरी होती. तोडक्यामोडक्या हिंदीत तिनं सांगितलं, की आमच्यातल्या निम्म्या जणींना मापाचे तक्ते वाचता येत नाहीत, टाके मात्र सगळ्यांना मोजता येतात. म्हणून पट्टीवर टाकेच लिहितो. नव्वद टाके म्हणजे चौऱ्याहत्तर सेंटीमीटरचं बाळ. वृंदानं तेवढं लेखी मागवलं. अर्ध्या तासात संस्थेच्या सहीशिक्क्याचं पत्र मेलवर आलं. तिनं छातीची रुंदी मापांच्या तक्त्याशी ताडून पाहिली. जुळली.

मग तिनं फाइल ओढली आणि आदल्या दिवशीच्या शेऱ्याखाली लिहिलं, की पट्टीवरचा आकडा मी उंचीचा धरला, तो टाक्यांचा आहे, चूक माझी आहे. 'चूक माझी आहे' हे लिहायची गरज नव्हती. आकडा टाक्यांचा आहे, एवढं पुरलं असतं. पण तिनं लिहिलं.

"मॅडम," बागूलबाई दाराशी घुटमळत म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल?"

कालपासून त्या बाकावर बसून होत्या आणि त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, मागितलं तर मॅडमना राग येईल म्हणून. वृंदा स्वतः जाऊन पाणी घेऊन आली. बाई प्यायल्या. जाताना त्यांनी वृंदाच्या दंडावर नुसता हात ठेवला, आणि काढला.

वृंदा सरांच्या टेबलाशी परत आली. सकाळी आली होती त्याहून वेगळी, हलकी. आपण काहीतरी अवघड केलं आणि ते नीट पार पडलं, असं तिला वाटत होतं. सरांनी एकदा "बरोबर" म्हणावं, एवढीच ती वाट पाहत होती.

"सर, शेरा मागं घेतला. चाळीसच्या चाळीस खोकी सोडते."

"छान केलंस."

"मग फाइल बंद करू?"

सरांनी फाइल हातात घेतली. तिचा शेरा वाचला. 'चूक माझी आहे' पाशी ते थोडे थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बापाच्या चेहऱ्यावर यावं तसं काहीतरी आलं.

"चौऱ्याऐंशीची साठ खोकी तू का सोडली होतीस?"

"कारण चौऱ्याऐंशी हे शहाऐंशीपेक्षा…"

वृंदाचं वाक्य तिथंच राहिलं.

…

सरांनी फाइल मिटली नाही. उघडीच तिच्यापुढं सरकवली.

"बरोबरच असतील, बाळ. तरी खोकी उघड."