विजेचं अस्तर

फार फार वर्षांपूर्वी, वीज आभाळातून माणसांशी बोलायची तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ गावावर तिचा जीव जडला आणि ती खाली उतरली. घरोघरच्या बंबात, इस्त्रीत, दिव्यात जाऊन बसली.

"तुमचं पाणी तापवीन, घरं उजळीन," ती म्हणाली. "पण माझ्याभोवती जाड अस्तर असू द्या. ते फाटलं, तर समोर कोण आहे ते मला दिसत नाही."

म्हणून दर वर्षी खंडेनवमीच्या आधी गावातली एक म्हातारी घरोघर फिरायची. वस्तू उघडायची, अस्तरावरून बोट फिरवायची, मग कान लावून डोळे मिटायची. त्या घटकेला वीजसुद्धा गुणगुणायची थांबायची. गावचा पाटील हे लहानपणापासून बघत आला होता, तरी दर वर्षी त्याच्या अंगावर काटा यायचा. आभाळ फाडणारी शक्ती, आणि म्हातारीच्या बोटाखाली मांजरासारखी गप्प! अस्तर धड असलं की म्हातारी हिरवा दोरा बांधायची. दोरा असेल त्याच वस्तूची पूजा व्हायची.

पाटील भला माणूस. पण स्वस्त म्हटलं की त्याला राहवायचं नाही. एका वर्षी गावात एक परका तपासनीस आला.

"म्हातारी घरटी पायलीभर धान्य घेते ना? मी सगळ्या गावाचं काम एका पायलीत करतो. तेही जेवणाआधी!"

पाटील हरखला. त्या गड्याने पारावर बैठक मारली, वस्तू समोर मागवल्या आणि भराभर दोरे बांधले. एकही झाकण उघडलं नाही. पाटलाच्या मनात पाल चुकचुकली. पण दोरे कसे हिरवेगार दिसत होते! त्याने पायलीभर धान्य मोजून दिलं.

म्हातारी म्हणाली, "अरे पाटला, तू दोरे घेतलेस. तपासणी घेतलीच नाहीस."

"आजी, दोरा तोच, गाठही तीच," पाटील हसला.

खंडेनवमीच्या सकाळी पाटलाची लेक ओल्या हातांनी बंबाला हळदकुंकू लावायला वाकली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती बिचारी. लख्खकन उजेड झाला आणि ती किंचाळली. पाटलाने कोरड्या काठीने बंब उलथवून दिला.

त्यातून वीज बाहेर पडली. निळी, अफाट, कडुनिंबाहून उंच. सारं गाव जागच्या जागी खाली बसलं. पाटलाची नजर हटेना. एवढं सुंदर, एवढं भयंकर काहीतरी रोज आपलं आंघोळीचं पाणी तापवत होतं!

"मला ती दिसली नाही रे," वीज कळवळून म्हणाली. "अस्तर उंदरांनी केव्हाच कुरतडलं होतं. एकदा उघडून बघायचं होतंस." आणि ती आभाळात निघून गेली.

लेक वाचली, पोटातलं बाळही वाचलं. पण तिच्या उजव्या हाताला पुन्हा कधी स्पर्श कळला नाही. बाळ झालं तेव्हा तिने त्याच्या गालावरून तो हात फिरवला आणि विचारलं, "बाबा, मऊ आहे का हो?"



तात्पर्य: उघडून न पाहता दिलेला निर्वाळा स्वस्तात मिळतो, पण त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.