बुवांचा हात कानाकडे

"बुवा, कान दुखतोय का?"

हेरंबने वाचन थांबवून विचारलं. गुरूचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इथे कुणी कुणाचं नावच घेतलं नव्हतं, आणि शंभूबुवांचा हात तर सारखा कानाकडे जात होता.

"दुखत नाही. तू वाच."

बुवांच्या गायकीवर हेरंबने प्रबंध लिहिला होता. परवा तो विद्यापीठात द्यायचा होता. त्याआधी बुवांची शाबासकी मिळवावी, म्हणून स्वारी ऐटीत वाचत होती.

"स्वर लावायचा नसतो, त्याची वाट पाहायची असते..."

बुवांचा हात पुन्हा कानाला.

"आता कोणासाठी, बुवा?"

"आमच्या गुरूंसाठी. दत्तूअण्णा म्हणायचे हे. तुला कुठे मिळालं?"

"कुसुमताईंच्या पुस्तकात." हेरंब चाचरला. "पण मी शब्द बदललेत."

"हो, दोन बदललेस." बुवा हसले. "आणि मघाचं पानभर? तेही ताईंचंच ना?"

"...हो."

हेरंबचा चेहरा उतरला. "सगळ्यांची नावं घातली, तर यात माझं काय उरेल, बुवा?"

त्याला खरोखरच भीती वाटली होती.

"मलाही तेच बघायचंय. पहिल्यापासून वाच. या वेळी हात तू लाव."

तो वाचू लागला. कानाला हात, दत्तूअण्णा. कानाला हात, कुसुमताई. पुन्हा ताई. पुन्हा अण्णा. त्याचा आवाज हळूहळू खाली आला.

मग एक वाक्य आलं.

"गाता गाता बुवा मध्येच थांबतात, ते दम घ्यायला नव्हे. त्यांना तानपुरा ऐकायचा असतो."

हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच राहिला. घ्यायला नावच सापडेना.

"हे कोणी सांगितलं?" बुवांनी विचारलं.

"कुणीच नाही. मागे तानपुऱ्यावर बसतो ना मी, तिथून दिसतं. कच्चं आहे, बुवा. खोडणारच होतो."

बुवांनी कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडे पाहिलं.

"मी तानपुरा ऐकतो?"

"दर वेळी."

भिंतीला टेकलेले बुवा सावरून बसले. त्यांचा हात सावकाश कानाकडे गेला.

"हेरंब सोवनी," ते म्हणाले. "हं... पुढे वाच."