मॅक्रोने तारीख विचारली

फार फार पूर्वी, म्हणजे कॉम्प्युटरला पाठीमागे मोठी ढेरी असायची त्या काळी, मिरजेत तानूकाकी गुरवांचं हार-गजऱ्यांचं दुकान होतं. कॉम्प्युटरच्या तक्त्यात महिनाभराच्या मागण्या असत. त्यातून आजच्या तेवढ्या निवडायला काकींनी एक मॅक्रो, म्हणजे एकदा दाखवलेलं काम बटण दाबताच पुन्हा करणारा कॉम्प्युटरातला गडी, ठेवला होता. बारा तारखेला त्यांनी एकदा हाताने निवडून दाखवलं, ते पठ्ठ्याने जसंच्या तसं पाठ केलं. बटण दाबलं की बाराच्या मागण्या हजर! स्वारी खूश.

तेराला सकाळी काकींनी बटण दाबलं. मॅक्रोने ऐटीत पुन्हा बाराच्याच मागण्या मांडल्या.

"अरे बाबा, हे हार काल गेले! आज कुणाचं तरी लग्न आहे. कुणाचं ते सांग, नाहीतर नवरी मुंडावळ्यांवाचून उभी राहायची!"

"शिकवलंत तसंच केलं," मॅक्रो पुटपुटला.

भिंतीवरचं कॅलेंडर खदखदून हसलं. "शहाण्या, काकींनी निवडायला शिकवलं, तू तारीखच पाठ करून बसलास! कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात घड्याळ आहे, त्याला विचार की."

विचारतो तो अडाणी, असं मॅक्रोला आजवर वाटायचं. पण मुंडावळ्यांवाचून उभी नवरी डोळ्यांपुढे येताच त्याने मान खाली घातली. "घड्याळदादा, आज कितवी?"

"तेरा! उद्याही विचार, मला कंटाळा नाही."

तक्ता सरसर हलला आणि एकच ओळ उरली: कुंभोजकरांची मुलगी, मुंडावळ्या, साडेदहा. काकींनी झरझर मोगरा ओवला. दहाला मुंडावळ्या मांडवात पोचल्या.

चौदाला काकींचं बोट बटणावर टेकतंय तोच मॅक्रो म्हणाला, "थांबा काकी, आधी विचारून येतो."